बेटावरची तिरपी वाट

आधीच सांगते, आमच्या घरात लिंबू फक्त सरबतासाठी येतं. दाराला टांगायला नाही. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत रविवारी सकाळी बुद्धवंदना व्हायची आणि नंतर वडील आम्हा भावंडांना समोर बसवून कुठल्यातरी बुवाचं बिंग फुटल्याची बातमी मोठ्याने वाचून दाखवायचे. अमावास्येला मुद्दाम नवी चप्पल घेणारी माणसं आम्ही. त्यामुळे या ग्रुपवर लोक लिहितात ते अनुभव – चकवा लागला, मागून कोणी हाक मारली, पिंपळाखाली बाई दिसली – मी चहाबरोबर वाचते आणि "बरं बरं" म्हणून सोडून देते. आज मीच लिहायला बसलेय. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. यात पांढरी साडी नाही, पैंजण नाहीत, सगळं लख्ख उन्हात झालं, आणि त्याची फाइल माझ्या कॉम्प्युटरवर अजून आहे.

मी वैशाली. वय त्रेचाळीस. एकटी राहते. हे सगळं सुरू झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात आई गेली. भाऊ बंगलोरला, तो फोन करतो, पण तेवढंच. एकटेपणात कसं छान असतं यावर हल्ली फार लेख येतात... ते लिहिणाऱ्यांनी एकदा रविवारी दुपारी एका माणसापुरतं वरण लावून बघावं. मला ते जमत नाही. वरण नेहमी उरतं.

माझं काम सर्व्हेचं. कॉलेज रोडला छोटं ऑफिस आहे, मी आणि माझा सहकारी मिलिंद, बाकी कामापुरती माणसं. ड्रोन उडवायचा, जमिनीचे ढीगभर फोटो काढायचे, आणि कॉम्प्युटर त्यातून जमिनीचं उंचसखल मॉडेल तयार करतो. मग त्यातून झाडं, घरं, गुरं, माणसं सगळं पुसून टाकायचं. उरते ती उघडी जमीन. तिच्यावर कॉम्प्युटरमध्येच पाऊस पाडायचा. जमिनीचे बारीक बारीक चौकोन केलेले असतात. प्रत्येक चौकोनातलं पाणी शेजारच्या सगळ्यात खालच्या चौकोनात जातं, तिथून पुढच्यात, आणि शेवटी स्क्रीनवर निळ्या रेषा उमटतात. पाणी कुठून येणार, कुठे साठणार, कुठून निसटणार, सगळं एसीत बसून कळतं. मिलिंद म्हणतो आपण पावसाचे ज्योतिषी. मी म्हणते, ज्योतिषी नाही रे बाबा, आपलं बरोबर येतं.

तर घोटीच्या पलीकडे एका धरणाच्या पाण्यात एक टेकडी आहे. धरण झालं तेव्हा खालचं गाव उठलं, टेकडीवरची चार-सहा घरं तेवढी राहिली, आणि टेकडीचं बेट झालं. नाव सांगत नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी लोक रील करायला जातील. हळूहळू ती घरंही ओस पडली. आम्ही गेलो तेव्हा तिथे एकच बाई राहत होती, चांगुणामावशी. साठीच्या पुढची, काटकुळी, तोंडाने फटकळ. नवरा गेलेला, मुलगा एकनाथ पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कामाला. सोन्यासारखा मुलगा आहे, उगाच गैरसमज नको. तोच मागे लागला होता की आता माझ्याकडे चल.

कारण पाणी. चहूकडे पाणी आणि घरात थेंब नाही, अशी तिची गत. घराजवळचा झरा होळीपर्यंत आटतो. धरणाचं पाणीही उन्हाळ्यात मागे सरकतं आणि मध्ये नुसता चिखल उरतो, गुडघ्याएवढा. आदल्या उन्हाळ्यात मावशी हंड्यासकट त्या चिखलात पडली आणि पाय मुरगळून तशीच पडून राहिली, एका मासे धरणाऱ्याने बघितलं म्हणून वाचली. त्यानंतर एकनाथने हातच जोडले. तेवढ्यात एका संस्थेने सुचवलं की घराच्या जरा खाली एक सपाट पट्टी आहे, तिथे पावसाचं पाणी अडवून छोटं तळं करू, उन्हाळा निघेल. पण तिथे पुरेसं पाणी येतं का ते आधी बघायला हवं. एकनाथने मान्य केलं. तळं भरणार असेल तर आईने राहावं, नाहीतर होळीच्या आत त्याच्याबरोबर जावं. म्हणजे तिचं राहणं-जाणं माझ्या निळ्या रेषांवर येऊन ठेपलं.

डिसेंबरात आम्ही गेलो. तेव्हा होडी पश्चिमेकडून जायची, तिकडच्या काठाला उतरून दगडी पायऱ्यांनी वर. मावशीने कोरा चहा दिला आणि लगेच चौकशी सुरू. नवरा? नाही. पोरं? नाही. आई? गेली. "मंग माझ्यावानीच की," म्हणाली, "फकस्त तुझ्या बेटाला लिफ्ट हाय." मी तिला फ्लॅटचा फोटो दाखवला होता, त्यावरून. मला राग यायला हवा होता. मी खो खो हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच असेल.

ड्रोन उडवला, फोटो आणले, मॉडेल केलं. आणि निळ्या रेषा भलतीकडेच गेल्या.

वरच्या उतारावरचं पाणी सरळ खाली येऊन त्या सपाट पट्टीत साठायला हवं होतं. पण मध्येच एक बारीक चर दिसत होता. मावशीच्या अंगणापासून निघालेला, उतारावरून तिरपा तिरपा पूर्वेला गेलेला, थेट पाण्याच्या काठी एका काळ्या कातळापर्यंत. वरून येणारं सगळं पाणी या चरात पडत होतं आणि त्याच्यातून घसरत धरणात जात होतं. तळ्याला काहीच उरत नव्हतं. आमच्या धंद्यातला कोणीही सांगेल, हे पायवाटेचं लक्षण. रोज माणूस चालला की जमीन दबते, गवत जातं, आणि पाणी आयती वाट धरतं. कित्येक गावांत नाले माणसांच्या पायांनी पाडलेले असतात.

अडचण एवढीच की पूर्वेला कोणी जातच नव्हतं. तिकडे होडी लागत नव्हती, घर नव्हतं, शेत नव्हतं. आणि त्या चराला मध्येच एक वळसा होता, वाटेत काहीतरी मोठं असावं आणि ते टाळून पुढे जावं तसा. फोटोत त्या जागी काहीच नव्हतं. नुसतं पिवळं गवत.

मी पुन्हा बेटावर गेले. उतारावर उभी राहिले, काठी घेऊन गवत बाजूला करत वरपासून कातळापर्यंत चालले. चर नाही. वाट नाही. जमीन अशी की गेल्या कित्येक वर्षांत तिथून शेळीही गेली नसावी. मावशीला विचारलं, इकडून कधी वाट होती का? तिने माझ्याकडे मी येडी झाल्यासारखं बघितलं. तिकडं काय ठेवलंय, म्हणाली, तिकडून कोण येतंय? तिच्या सासूच्या काळापासून सगळं पश्चिमेकडूनच होतं.

गवतामुळे चूक झाली असेल म्हणून ड्रोन पुन्हा उडवला. नवे फोटो, नवं मॉडेल. चर तिथेच. तोच तिरपेपणा, तोच वळसा. आता मात्र डोकं भणभणायला लागलं. मिलिंदने खांद्यावरून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, जमिनीवर नाही ना? मग हातानं पुसा आणि मोकळ्या व्हा." बरोबर होतं त्याचं. मॉडेलमध्ये अशी घाण येतेच, विजेच्या तारेचा बांध होतो, सावलीचा खड्डा होतो, आणि आपण प्रत्यक्ष जागा बघून ते दुरुस्त करतो. तेच तर काम आहे. मी चर पुसला, पाऊस पाडला, आणि सगळ्या निळ्या रेषा शहाण्या मुलींसारख्या खाली येऊन तळ्यात बसल्या.

तळं झालं. त्या पावसाळ्यात काठोकाठ भरलं. एकनाथ स्वतः बघायला आला, तळ्यात हात घालून बघितला आणि एकटाच परत गेला. मावशी राहिली.

आणि मी जायला लागले. काम संपलं होतं, जायचं कारण नव्हतं. पहिल्यांदा तळं बघायचं निमित्त केलं, मग निमित्त करायचीही लाज सोडली. महिन्यातून एखादा, फार तर दोन रविवार. सकाळी नाशिकरोडहून निघायचं, घोटीला भाजी, चहापत्ती, खारी घ्यायची, दुपारी मावशीकडे जेवायचं. ती नागलीची भाकरी करायची आणि माझ्या भाकरी थापण्याची यथेच्छ टिंगल करायची. शहरातली भाकरी म्हणजे भारताचा नकाशा, म्हणायची. बाकी आम्ही फार बोलायचो असंही नाही. ती तांदूळ निवडायची, मी ओट्यावर आडवी व्हायची. बस. पण सोमवारी ऑफिसला जाताना माझ्या अंगात जीव असायचा, हे खरं आहे.

मधल्या काळात पश्चिमेकडचा होडीवाला होडी विकून इगतपुरीला कामाला लागला. मग मी घोटीच्या बाजूच्या एका मासे धरणाऱ्याला धरलं. त्याला पूर्वेचा काठ सोयीचा. तो मला काळ्या कातळाशी उतरवायचा. तिथून मी आपली सोपं पडेल तशी तिरपी चढायची. खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात त्या चराचा विचारसुद्धा आला नाही. असली हजार मॉडेलं डोळ्याखालून जातात.

तिसऱ्या पावसाळ्यात तळं भरलं नाही. पाऊस धो धो झाला होता, सगळी धरणं भरली होती, आणि तळ्यात मात्र घोट्याएवढं पाणी. एकनाथचा फोन आला. आवाज चढवला नाही त्याने, उलट फार समजुतीने बोलला, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, "ताई, तुम्ही लय केलं आईसाठी. आता बास. दिवाळीला येऊन घेऊन जातो तिला."

मी सुट्टी टाकून दुसऱ्याच दिवशी गेले. ऊन पडलं होतं, आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी अजून उतारावरून झिरपत होतं. तळ्याच्या वर चढले आणि बघते तर पाणी खाली येतच नव्हतं. मध्येच एका पायवाटेत पडत होतं आणि तिच्यातून खळाखळा कातळाकडे चाललं होतं.

पायवाट. अंगणापासून कातळापर्यंत, तिरपी. मध्ये वळसा, कारण तळं खणताना निघालेल्या दगडांचा ढीग मजुरांनी तिथे टाकला होता आणि वाट त्याला टाळून गेली होती. मी मोबाइलवर जुन्या मॉडेलचं चित्र काढलं आणि तिथे उभी राहून दोन्ही बघत राहिले. दगडांचा ढीग तेव्हा जमिनीच्या पोटात होता. होडी तेव्हा पश्चिमेला लागत होती. मावशीची नि माझी तेव्हा नुकती कुठे ओळख झाली होती. आणि वाट मॉडेलमध्ये आलेली होती.

ऑफिसात मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही ती रेषा स्क्रीनवर बघितली होती, पाय आपोआप तिथेच पडले. मीसुद्धा दुसऱ्या कोणाला हेच सांगितलं असतं. मग मी म्हटलं, ठीक आहे, पण मॉडेलमध्ये ती आली कुठून? त्यावर तो चहा सांगायला गेला.

पण मला दुसरीच गोष्ट खात होती. मी महिन्यातून एखाद-दोनदा जाणारी बाई. तेवढ्या येण्याजाण्याने गवतसुद्धा नीट झोपत नाही. एवढी खोल वाट पडायला रोजचे पाय लागतात, तेही उलटसुलट, दोन्ही वेळा. म्हणून मी जुनी कच्ची फाइल उघडली, काहीही दुरुस्ती करण्याआधीची. आमच्याकडे पहिली पायरी म्हणजे जमिनीवरचे बारीकसारीक खळगे बुजवायचे, नाहीतर कॉम्प्युटरचं पाणी त्यातच अडकून बसतं. ते आपोआप होतं, कोणी बघत बसत नाही. कच्च्या फाइलमध्ये चराच्या खालच्या टोकाला, कातळाला लागून, एक खळगा होता. पाट मांडावा एवढाच. माणूस बसून बसून जमीन बसते तसा.

पुढच्या फेरीला मी होडीतून उतरल्यावर वर न जाता आधी कातळाच्या कडेला गेले. खळगा होता. गुळगुळीत. शेजारी मावशीच्या तंबाखूची रिकामी पुडी.

वर गेले. मावशी चुलीपुढे होती. मी सरळच विचारलं, तुम्ही रोज खाली कातळावर जाता का?

ती भाकरी उलटत राहिली. मग म्हणाली, "जाते कदीमदी. पाणी बघाया."

आता त्या अंगणातून चारी बाजूंचं पाणी दिसतं. कुठेही मान वळवा, पाणीच. तेवढ्यासाठी उतार उतरून, गुडघे धरून परत चढायची काहीएक गरज नाही. तव्यावरची भाकरी काढत, माझ्याकडे न बघता तिनेच सांगितलं, "तू सांगून थोडीच येती? येक रविवारी येती, दोन रविवारी नाय. मला वार कळत न्हाईत पोरी. म्हून रोज जाते."

मला रडू आलं. आईच्या वेळी नाही आलं एवढं आलं. मावशी चिडली, धूर लागला का म्हणाली, आणि मला बाहेर हाकललं.

मग मी माझ्या अकलेप्रमाणे जे करायचं ते केलं. त्या तिरप्या वाटेवर ठिकठिकाणी दगड आडवे रचून पाणी पुन्हा खाली वळवलं. एकनाथही एक दिवस आला, आम्ही दोघांनी मिळून रचले. त्याला मी खरं काय ते सांगितलं – मॉडेलचं नाही, कातळाचं. त्याने ढिगातला पुढचा दगड उचलून लावला. दिवाळीला न्यायचं तेव्हापुरतं मागे पडलं. आणि मावशीला मी नवी वाट आखून दिली, टेकडीच्या कण्यावरून, जिथून पाणी दोन्ही बाजूंना वाटलं जातं आणि साठत नाही. तिथे कितीही चाललं तरी तळ्याचं नुकसान नाही. सांगितलं, यायचं-जायचं ते इथून, आणि मी आता दर रविवारी येणार, ठरलेलं. ती म्हणाली, रविवार कोनता त्ये कोन सांगल मला? तेव्हा तिला दिनदर्शिका आणून दिली. ती तिने फडताळात, फराळाच्या डब्याखाली घातली. रोज जाते ती जातेच.

या पावसाळ्यात तळं पुन्हा भरलं.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तज्ज्ञांना विचारलं, आमच्या क्षेत्रातल्या दोन मोठ्या माणसांना कच्च्या फाइलसकट पाठवलं. एकाने लेन्सचा दोष म्हटलं, दुसऱ्याने उत्तर दिलं नाही. लेन्सच्या दोषाला दगडांचा ढीग कुठे पडणार हे कसं कळलं, ते त्यांनी सांगितलं नाही. भूत म्हणायला इथे कोणी मेलेलं नाही. दोन जिवंत बायका आहेत, आणि मधला उतार.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मागच्या महिन्यात संस्थेला तळ्यातला गाळ मोजून हवा होता, म्हणून बेटावर पुन्हा ड्रोन उडवला. मीच उडवला. फोटो आणले, डिस्कवर टाकले. मावशी आता सत्तरीकडे झुकलीय, मध्ये तिला दम लागत होता, घोटीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. कण्यावर अजून वाट पडलेली नाही, गवत तेवढं जरा झोपलंय. मिलिंद रोज विचारतो, मॅडम, बेटाचं मॉडेल लावू का करायला? आणि मी म्हणते, राहू दे, दुसरं काम आधी.

कण्यावर खोल चर दिसला तर मी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटेन. ती पुढची कित्येक वर्षं रोज खाली उतरून माझी वाट बघतेय, असाच त्याचा अर्थ होईल. पण मॉडेल झालं आणि कण्यावर काहीच नसलं, तर? मी दर रविवारी जाते. मॉडेल मी अजून लावलेलं नाही, आणि लावणारही नाही.